नऊ महिने, तीन ऋतू

एप्रिलचा शेवटचा आठवडा होता. निफाड तालुक्यात लासलगावच्या अलीकडे एका शेतात उन्हाळ कांद्याची काढणी चालली होती. उपटलेल्या कांद्याच्या ओळी वाफ्यांत पसरल्या होत्या आणि त्यांच्या कडेने बायका उकिडव्या बसून, विळ्याने पात कापत पुढे सरकत होत्या. डोक्यावर पदर, पदरावर रुमाल, अंगात नवऱ्याचा लांब बाह्यांचा शर्ट. सकाळी साडेसहाला सुरू झालेलं काम दहापर्यंत हसत-बोलत चाललं. अकरानंतर बोलणं थांबलं. ओळीच्या टोकाची एक तरुण बाई मधूनमधून एक हात मागे जमिनीला टेकवून पाठ ताणत होती. ढगळ शर्टामुळे चटकन लक्षात येत नव्हतं. तिला सातवा महिना होता.

थोडा वेळ सावलीत का बसत नाहीस, असं मी तिला विचारलं. उत्तर शेजारच्या थोराड बाईने दिलं, "बसायला काय झालं ताई, पण तिची ओळ मग कोणी कापायची?"

ही टोळी सुरगाण्याकडून आलेली होती आणि काम उक्तं घेतलेलं होतं. एकराचा दर ठरतो, टोळी मिळून एकर उरकते आणि पैसे सारखे वाटून घेते. एक जण बसली की तिचा भार बाकीच्यांवर पडतो. कोणी तिला उठवत नाही, पण तिलाच बसवत नाही. पाण्याचा जार बांधावर होता, तरी ती घोटभरच पीत होती, कारण सपाट, झाड नसलेल्या त्या रानात आडोसा नव्हता. लघवीला जावं लागू नये म्हणून कमी पाणी पिणं ही शेतात राबणाऱ्या बायकांची जुनी सवय आहे. गरोदरपणात तिची किंमत फार मोठी असते.

संपादकांनी या अंकासाठी 'बदलते ऋतू' हा विषय दिला, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर आधी द्राक्षबागा आल्या, गारपीट आली, गोदावरीचा पूर आला. नाशिकच्या माणसाचं तसंच होतं. पिकांवर हवामान काय करतं हे आपण पिढ्यानपिढ्या बोलत आलो आहोत. पोटातल्या बाळावर ते काय करतं, हे मात्र बोललं जात नाही. आपले ऋतू चार-चार महिन्यांचे आणि गरोदरपण नऊ महिन्यांचं. त्यामुळे जिल्ह्यातल्या प्रत्येक गरोदर बाईला तिन्ही ऋतूंमधून जावंच लागतं. कुठला ऋतू कितव्या महिन्यात गाठतो, एवढाच काय तो फरक.

शिवाय हा जिल्हाही एकसारखा नाही. इगतपुरीला वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, तर मालेगाव-नांदगावकडे पाचशेच्या आसपास. एप्रिल-मे महिन्यांत मालेगावचा पारा ४३ अंशांवर जातो. थंडीत निफाडच्या कुंदेवाडी गहू संशोधन केंद्रावरचं तापमान पाच अंशांच्याही खाली उतरतं आणि राज्यभरच्या बातम्यांत येतं. टोकाचं हवामान पाहायला नाशिककराला जिल्ह्याची हद्द ओलांडावी लागत नाही.

वारेपर्यंत पोहोचणारं ऊन

पोटातलं बाळ आईपेक्षा साधारण अर्धा अंश जास्त गरम असतं. त्याच्या शरीरात तयार होणारी बहुतेक उष्णता वारेतून आईच्या रक्तात येते आणि आईच्या कातडीवाटे बाहेर पडते. बाळाला थंड व्हायला आईच्या शरीराशिवाय वाट नाही. आईचंच अंग तापलेलं असेल, तर ही उष्णता बाहेर कशी पडणार?

गरोदरपणात बाईच्या शरीरातलं रक्ताचं प्रमाण जवळजवळ निम्म्याने वाढतं, हृदयाचं काम वाढतं, वजन वाढतं. म्हणजे नुसतं बसून राहिली तरी ती इतरांपेक्षा जास्त उष्णता तयार करत असते. उन्हात काम करताना अंग निववण्यासाठी शरीर रक्त कातडीकडे वळवतं आणि राबणारे स्नायूही आपला वाटा मागतात. तेव्हा वारेकडे जाणारं रक्त कमी होऊ शकतं, आणि बाळाचं अन्न व प्राणवायू याच वाटेने येतात. घामाने पाणी कमी झालं की रक्त घट्ट होतं. मेंदूतून सुटणारी काही संप्रेरकं गर्भाशयाला आकुंचन पावायला लावतात आणि कळा वेळेआधी सुरू होण्याची शक्यता वाढते. कमी पाणी पिण्यातून मूत्रमार्गाला संसर्ग होतो, तोही मुदतपूर्व प्रसूतीच्या कारणांपैकी एक आहे. त्यात अंगात रक्त कमी असेल तर सगळंच अवघड. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या १५ ते ४९ वयाच्या गरोदर स्त्रियांपैकी ५२ टक्के रक्तक्षयी आहेत.

हे सगळं केवळ तर्काने मांडलेलं नाही. २०२० मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये २७ देशांतल्या ७० अभ्यासांचा एकत्र आढावा आला. तापमान एका अंशाने वाढलं की मुदतपूर्व प्रसूतीची शक्यता साधारण पाच टक्क्यांनी वाढते आणि उष्णतेच्या लाटेत ती सोळा टक्क्यांनी वाढते, असं त्यात दिसलं. मृत बाळ जन्माला येण्याची शक्यताही प्रत्येक अंशामागे पाचेक टक्क्यांनी वाढते. पाच टक्के हा आकडा कानाला लहान वाटतो. पण आपल्याकडे एखाद्या आठवड्यात पारा नेहमीपेक्षा चार-पाच अंश वर जातो आणि त्या आठवड्यात जिल्हाभर हजारो बायका गरोदर असतात. एका घरात हा आकडा दिसणारच नाही, तो प्रसूतिगृहाच्या वहीत दिसेल.

कांद्याच्या वावराशी सर्वात जवळचा अभ्यास आफ्रिकेतल्या गांबियामधला आहे. तिथे संशोधक ९२ गरोदर शेतकरी बायकांबरोबर थेट शेतात गेले. काम करताना आईच्या अंगाचं तापमान, बाळाच्या हृदयाचे ठोके आणि नाळेतला रक्तप्रवाह त्यांनी तिथेच मोजला. उष्णतेचा ताण एका अंशाने वाढला की बाळावर ताण पडल्याची लक्षणं दिसण्याची शक्यता १७ टक्क्यांनी वाढत होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासातली मला सर्वात महत्त्वाची वाटते ती ही गोष्ट : आई घरी परतून आजारी पडण्याची वाट बाळाचं शरीर पाहत नाही. शेतात, त्याच दुपारी, त्याच्या ठोक्यांत फरक पडलेला असतो. चेन्नईच्या श्री रामचंद्र संस्थेतल्या विद्या वेणुगोपाल आणि सहकाऱ्यांनी तमिळनाडूतल्या ८०० गरोदर स्त्रियांचा अभ्यास केला. शेतं, वीटभट्ट्या, मिठागरं अशा ठिकाणी तापत राबणाऱ्या बायकांमध्ये गर्भपात आणि बाळाच्या इतर तक्रारी साधारण दुप्पट आढळल्या.

नाशिकच्या कांद्याच्या वावरात असं मोजमाप व्हायला हवं. जगातल्या सर्वात मोठ्या कांदा बाजारांपैकी एक निफाड तालुक्यात आहे. तो भरवणाऱ्या हातांबद्दल एवढं कुतूहल तरी आपण दाखवायला हवं.

हंड्याचं वजन

पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे पावसाचे तालुके. तरीही मार्च उजाडला की इथल्या पाड्यांवरच्या विहिरी तळ गाठतात. पाऊस काळ्या कातळाच्या उतारांवर पडतो आणि नार, पार, दमणगंगा यांच्या खोऱ्यांतून गुजरातकडे निघून जातो. खाली मुरायला जागा थोडी. मे महिन्यात विहिरीच्या कठड्याशी रात्रीपासून हंड्यांची रांग लागते. झऱ्याला पाणी सुटेल तसं ते वाटीने, तांब्याने भरायचं. भरलेला हंडा पंधरा लिटरचा असतो. डोक्यावर एकावर एक दोन, कमरेवर कळशी, आणि चढण. पोट पुढे आलेलं असताना कळशी कमरेवर धरता येत नाही, म्हणून सहाव्या-सातव्या महिन्यानंतर खेपा वाढतात. एका खेपेत कमी पाणी येतं, घराची गरज तेवढीच राहते.

कमी पावसाच्या वर्षी ही वाट लांबते. दुष्काळ पोटातल्या बाळापर्यंत असाही पोहोचतो, आईच्या पायांतून.

याचा पुरावा आपल्याच राज्यात, फार पूर्वी जमवला गेला आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा खेड्यांत गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या बाळांचं जन्माचं सरासरी वजन पावणेतीन किलोच्याही खाली होतं. आघारकर संशोधन संस्थेच्या डॉ. शोभा राव यांनी याच बायकांच्या दिवसभराच्या कष्टांचा हिशेब मांडला : शेतकाम किती, पाणी भरणं किती, धुणं किती. गरोदरपणाच्या सुरुवातीच्या आणि मधल्या महिन्यांत ज्यांच्या वाट्याला जास्त कष्ट आले, त्यांची बाळं वजनाने कमी होती आणि त्यांच्या डोक्याचा व दंडाचा घेरही कमी होता. हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दूध ज्यांच्या खाण्यात वारंवार होतं, त्यांची बाळं मोठी होती. पुढे याच गटाने खाणं आणि कष्ट ऋतूनुसार कसे बदलतात आणि त्याचा बाळाच्या आकाराशी काय संबंध आहे, हेही तपासलं. ऋतू बाळाला गाठतो तो ताटातून आणि कामातून, हे त्यातून समजतं.

म्हणूनच उष्णता, दुष्काळ, पाऊस यांचे वेगवेगळे परिणाम मोजताना मला नेहमी अपुरेपण जाणवतं. पारा ४२ वर असताना पंख्याखाली बसलेली आठव्या महिन्यातली बाई आणि त्याच दुपारी हंडा घेऊन टेकडी चढणारी आठव्या महिन्यातली बाई यांचं हवामान एकच आहे, असं कसं म्हणायचं?

आवणीचे दिवस, वाहून गेलेली वाट

जुलैमध्ये घाटमाथ्यावर भाताची आवणी चालते. दिवसभर गुडघाभर चिखलात, कमरेत वाकून, पाठीवर प्लास्टिकचा कागद बांधून रोपं लावायची. सातव्या महिन्यापर्यंत बायका आवणीला जातात. घरातलं धान्य याच महिन्यांत संपत आलेलं असतं. आदिवासी भागात खावटीची गरज याच काळात लागते. नागलीची भाकरी, उडदाचं पातळ कालवण आणि रानभाज्या यांवर दिवस निघतात. पोटातलं बाळ शेवटच्या तीन महिन्यांत सर्वात वेगाने वजन धरतं. ते महिने श्रावणाच्या आगेमागे आले, तर ताट सर्वात रिकामं असतानाच त्याची गरज सर्वात मोठी असते. पावसाबरोबर हिवतापही येतो, आणि गरोदरपणातला हिवताप बाळाचं वजन कमी करतो.

राज्य सरकारची डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजना २०१५ मध्ये आली, ती नेमकी या अडचणीवर. आदिवासी भागातल्या गरोदर बाईला शेवटच्या तीन महिन्यांत आणि बाळंतपणानंतर सहा महिने अंगणवाडीत रोज एक वेळचं चौरस जेवण मिळतं. घरी नेण्याचा शिधा सगळ्या घरात वाटला जातो, म्हणून तिने तिथे बसून जेवायचं. मला ही योजना मनापासून पटते. पण धो-धो पावसात ओढा ओलांडून अंगणवाडीत जाणं होत नाही, आणि रोजंदारीसाठी दिंडोरी-निफाडला उतरलेल्या बाईचं नाव पाड्यावरच्या वहीत असतं, पोट मात्र इथे. स्थलांतर केलेल्या गरोदर बाईला जिथे असेल तिथे ताट मिळावं, एवढी सोय झाली तरी पुष्कळ काम होईल.

मग वाट. त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या शेंद्रीपाड्याच्या बायका तास नदीवर टाकलेल्या लाकडी बल्ल्यांवरून पाण्याचे हंडे नेतात, ही छायाचित्रं पाहून राज्य हादरलं होतं. तत्कालीन मंत्री आदित्य ठाकरे यांच्या पुढाकाराने जानेवारी २०२२ मध्ये तिथे लोखंडी साकव झाला. त्याच वर्षीच्या जुलैत तो पुरात वाहून गेला. पुढच्याच वर्षी, जुलै २०२३ मध्ये, इगतपुरी तालुक्यातल्या एका वाडीतली गर्भवती कळा सुरू झाल्यावर रात्रीच्या पावसात चिखल तुडवत मुख्य रस्त्यापर्यंत चालत आली, कारण वाडीला रस्ताच नव्हता. ती वाचली नाही. डोलीतून, झोळीतून, खाटेवरून नेलेल्या बायकांच्या बातम्या दर पावसाळ्यात येतात.

यावर उपाय म्हणून आदिवासी भागातल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत 'माहेरघर' आहे. तारखेच्या चार-पाच दिवस आधी बाईने तिथे येऊन राहायचं, सोबत एका नातेवाइकाने यायचं, जेवण मिळतं, बुडालेल्या मजुरीची थोडी भरपाईही मिळते. पावसाळ्यापूर्वी संपर्क तुटणाऱ्या पाड्यांवरच्या गरोदर बायकांच्या याद्या होतात. आशाताई घरोघर जाऊन सांगतात. तरी पुष्कळ बायका येत नाहीत, आणि का येत नाहीत ते त्यांच्या घरी गेल्यावर कळतं. आवणी अर्धी झालेली असते. घरी दोन लहान मुलं असतात, शेळ्या असतात. सोबत यायची ती सासू, आणि ती आली तर भात कोण लावणार? शिवाय तारीख ही अंदाजाची असते. पाळीची तारीख नीट आठवत नसेल, पहिली सोनोग्राफी उशिरा झाली असेल, तर अंदाज पंधरा-पंधरा दिवसांनी चुकतो, आणि ज्या बाळांना सर्वात जास्त मदत लागते ती तारखेच्या कितीतरी आधी येतात. माहेरघर चांगलं आहे, पण त्याने रस्त्याची गरज संपत नाही.

कमी दिवसांचं बाळ

३७ आठवडे पुरे होण्याआधी आलेलं बाळ मुदतपूर्व, आणि अडीच किलोंपेक्षा कमी भरलेलं बाळ कमी वजनाचं. अशा बाळाच्या कातडीखाली चरबी नसते, फुप्फुसं पुरती तयार नसतात, ओढून दूध पिण्याची ताकद नसते. त्याच्यासाठी जिल्हा रुग्णालयांत विशेष नवजात काळजी कक्ष असतात.

नाशिकच्या जिल्हा रुग्णालयातला हा कक्ष २०१७ च्या सप्टेंबरमध्ये देशभर गाजला. आदल्या ऑगस्ट महिन्यात तिथे ५५ नवजात बाळं दगावली होती. इनक्युबेटर अठरा होते, आणि एकेका इनक्युबेटरमध्ये दोन-दोन, तीन-तीन बाळं ठेवावी लागत होती. बहुतेक बाळं कमी दिवसांची, कमी वजनाची होती आणि पुष्कळशी फार उशिरा आणली गेली, असं प्रशासनाने तेव्हा सांगितलं. त्या मृत्यूंशी हवामानाचा संबंध कोणी जोडला नव्हता आणि मीही जोडत नाही. मला फक्त एवढं वाटतं की आपला सगळा राग, सगळी चौकशी इनक्युबेटरपाशी येऊन थांबली. ती बाळं एवढी लहान का जन्मली, त्यांच्या आयांनी एप्रिल-मे कुठे काढला, त्या काय खात होत्या, हे विचारलं गेलं नाही. ऑगस्टमध्ये सातव्या महिन्यात जन्मलेल्या बाळाची आई भर उन्हाळ्यात तिसऱ्या-चौथ्या महिन्यात असते.

योगायोग असा की इनक्युबेटरच्या अशाच टंचाईतून एक मोठा उपाय निघाला. १९७८ मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात बाळं जास्त आणि इनक्युबेटर कमी पडत होते. त्यांनी कमी वजनाची बाळं आईच्या छातीशी, कातडीला कातडी लावून बांधून ठेवायला सुरुवात केली. त्यालाच आपण आज कांगारू मातृसेवा म्हणतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये ही पद्धत मुदतपूर्व आणि कमी वजनाच्या बाळांसाठी जन्मानंतर लगेच सुरू करावी, अशी शिफारस केली. बाळाची ऊब टिकते, दूध वाढतं, संसर्ग कमी होतात.

निफाडच्या थंडीत हे फार मोलाचं आहे. डिसेंबरच्या रात्री पत्र्याच्या घरात, ऊसतोडीच्या कोपीवर किंवा द्राक्षबागेतल्या मजुरांच्या खोलीत दोन किलोंचं बाळ गोधडीत गुंडाळून बाजूला ठेवलं, तर ते पहाटेपर्यंत गार पडू शकतं. गार पडलेलं बाळ रडत नाही, दूध ओढत नाही, शांत झोपल्यासारखं दिसतं, आणि घरच्यांना वाटतं बरं झालं, झोपलं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातल्याच बाईला नवजात बाळाची काळजी शिकवली : वजन करणं, ताप मोजणं, ऊब देणं, जंतुसंसर्ग ओळखणं. नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले आणि १९९९ मध्ये 'लॅन्सेट'ने ते छापलं. आज देशभर आशाताई जन्मानंतरच्या ४२ दिवसांत घरी ज्या सहा-सात भेटी देतात, त्यांचं मूळ या कामात आहे.

पत्र्याखाली

मालेगावचा उन्हाळा मात्र वेगळं शिकवतो. यंत्रमागांच्या गल्ल्यांत घर आणि कारखाना यांच्यात एक भिंत असते, कधी तीही नसते. वर पत्रा. दिवसभर तापलेला पत्रा रात्री उशिरापर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि शरीराला दिवसाचा ताण भरून काढायला जी थंड रात्र लागते ती मिळतच नाही. घरी बसून कांड्या भरणारी गरोदर बाई उन्हात जात नाही, म्हणून ती सुरक्षित आहे, असं मानणं चूक ठरेल.

आणि बाळंतिणीची खोली! आपल्याकडे जुनी रीत अशी की खोलीची दारं-खिडक्या लावायच्या, वारा लागू द्यायचा नाही, बाजेखाली शेगडी, ओवा-शेपाची धुरी, बाळाला टोपडं, कुंची, वरून दुपटं. माघातल्या थंडीत यातलं पुष्कळ शहाणपणाचं आहे. वैशाखात, पत्र्याखाली, तेच बाळाच्या जिवावर येऊ शकतं. नवजात बाळाला घाम नीट येत नाही. ते तापतं, त्याच्या अंगातलं पाणी कमी होतं, ते सुस्तावतं. मग घरातलं कोणीतरी त्याला चमच्याने पाणी, ग्लुकोज किंवा मध-पाणी पाजतं, आणि जुलाबाला निमित्त मिळतं. आईच्या दुधात पाणीच जास्त असतं, पहिले सहा महिने भर उन्हाळ्यातही बाळाला वरचं पाणी लागत नाही. पाणी आईने प्यायचं. आशाताईंना हे सांगताना आजीशी वाद घालावा लागतो, आणि आजीचा अनुभव त्यांच्याहून चाळीस वर्षांनी मोठा असतो. ज्या आशाताई आजीला खोटं न पाडता "आजी, शेगडी हिवाळ्याला ठेवू, आता खिडकी उघडू" म्हणतात, त्यांचं ऐकलं जातं.

छताचं महत्त्व किती, ते अहमदाबादेत मोजलं गेलं आहे. मे २०१० च्या भयंकर लाटेत तिथल्या शारदाबेन रुग्णालयात उष्णतेने आजारी पडलेली नवजात बाळं अचानक वाढली. डॉक्टरांनी नोंदी तपासल्या. ४२ अंशांच्या पुढे प्रत्येक अंशाला अशी बाळं ४३ टक्क्यांनी वाढत होती. प्रसूतीचा वॉर्ड सर्वात वरच्या मजल्यावर, तापणाऱ्या गच्चीखाली होता. तो खालच्या मजल्यावर हलवल्यावर हे प्रमाण ६४ टक्क्यांनी घटलं. नवं यंत्र नाही, नवं औषध नाही, नुसता मजला बदलला. पुढे २०१३ मध्ये अहमदाबादने उष्णतेविरुद्धचा आराखडा केला, तो देशातला अशा प्रकारचा पहिला. आपल्या जिल्ह्यातल्या प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात आणि प्रसूतिगृहात बाळंतिणींचा वॉर्ड कुठल्या मजल्यावर आहे, गच्चीला पांढरा रंग दिला आहे का, वीज गेल्यावर पंखे चालतात का, ही पाहणी आठवड्याभरात होऊ शकते.

पंचनामा बागेचा होतो

नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली, द्राक्षबागा झोपल्या. तलाठी, कृषी सहायक आले, पंचनामे झाले. ते व्हायलाच हवेत, बागायतदाराचं कर्ज खरं असतं. पण त्या बागेत विरळणीला, घड बुडवायला, नंतर खुडणीला येणाऱ्या बाईचा त्या हंगामाचा रोज गेला, त्याचा पंचनामा कुठे होत नाही. ती गरोदर असेल तर डाळ पातळ होते, दूध बंद होतं, दवाखान्याची फेरी पुढे ढकलली जाते. गारपिटीने तिच्या बाळाचं वजन घटवलं असं कुठल्याही कागदावर येणार नाही, पण ते घटलेलं असू शकतं.

तिच्या हातातल्या माता-बाल संरक्षण कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लसी यांच्या नोंदी असतात. ती दिवसातून किती तास उन्हात असते, पाणी किती लांबून आणते, कुठल्या छताखाली झोपते, हे लिहिलं जात नाही. दर महिन्याच्या ९ तारखेला सुरक्षित मातृत्व अभियानात तपासणी होते, तेव्हा हे तीन प्रश्न विचारायला एक मिनिट लागेल. एप्रिल-मेमध्ये ज्या बाईची शेवटची तिमाही आहे आणि जी उन्हात राबते, तिला जोखमीची माता म्हणून वेगळी खूण व्हायला हवी.

आणि सर्वात अवघड, पण सर्वात आवश्यक गोष्ट म्हणजे पगारी विश्रांती. नोकरदार स्त्रीला कायद्याने २६ आठवड्यांची भरपगारी रजा आहे, आणि ती योग्यच आहे. शेतात रोजाने किंवा उक्त्याने राबणाऱ्या बाईला या कायद्याचा काही उपयोग नाही. तिला पहिल्या बाळासाठी मातृवंदना योजनेचे पाच हजार रुपये मिळतात, तेही टप्प्यांनी. रोज तीनशे धरला तर ती सतरा दिवसांचीसुद्धा मजुरी होत नाही. रोजगार हमीच्या कामावर सावली, पिण्याचं पाणी, प्रथमोपचार देणं बंधनकारक आहे. खासगी वावरात तेवढंही नाही. 'पाणी प्या, दुपारी बाहेर पडू नका' हा सल्ला आपण तिला फलकांवरून देतो. घरी बसण्याचे पैसे मात्र देत नाही. म्हणजे सल्ला पाळण्याचा खर्च तिच्याच माथी. मला हा अन्याय वाटतो. उष्णतेच्या लाटेचा इशारा लागला की त्या दिवसांची मजुरी नोंदणीकृत गरोदर मजुरांच्या खात्यावर थेट जमा व्हावी. अतिउष्णतेच्या दिवसांसाठी विम्याचा असा प्रयोग 'सेवा' या संघटनेने कष्टकरी बायकांसाठी सुरू केलेलाच आहे. सरकारने तो गरोदर बायकांपासून आपलासा करावा.

सरकार हे करील तेव्हा करील. हा अंक नाशिकमध्ये, निफाडमध्ये, दिंडोरी-चांदवडमध्येही वाचला जाईल आणि वाचणाऱ्यांत कांद्याचे, द्राक्षांचे बागायतदार असतील. त्यांना हात जोडून सांगते. येत्या उन्हाळ्यात तुमच्या वावरात टोळी आली की मुकादमाला पहिल्याच दिवशी विचारा, टोळीत कोणी गरोदर आहे का. असेल तर तिला अकरा ते चार उन्हात बसवू नका, शेडमध्ये प्रतवारीचं काम द्या. बांधावर चार बांबू आणि एक ताडपत्री लावून आडोसा करा, म्हणजे ती पाणी पिईल. आणि टोळीच्या वाटणीत तिचा वाटा कमी पडत असेल, तर तेवढे पैसे वरून तुम्ही घाला.